मनःस्तापाचे गृहीतक आणि विसरलेली विधवा

कायद्याच्या भाषेत स्त्रीचे मन नेमके केव्हा शिरले, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेला ते ठाऊकच नव्हते. स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी सद्भावनेने केलेला गर्भपात तेवढा कलम ३१२ मधून सुटे. बाकी सारा गुन्हा, आणि गर्भ पाडणारी स्त्रीदेखील गुन्हेगार. याच राजवटीने १८३५ साली आमच्या इंदापूर तालुक्यात जमिनीची नवी मोजणी सुरू केली, तेव्हा मातीची खोली आणि कस पाहून सारा ठरविला होता. शेताचा मगदूर इतक्या बारकाईने पाहणाऱ्यांना गरोदर विधवेची भीती मात्र नोंदविण्याजोगी वाटली नाही.

ती नोंद केली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी. दंडसंहितेनंतर तीनच वर्षांनी, १८६३ साली, त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेने तेथे गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवून जावे. तिच्या हातून घडणाऱ्या कृत्यामागे पाप नसून कोंडी आहे, हे त्यांनी ओळखले होते. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली; ती पुढे सौम्य करण्यात आली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जी आगपाखड झाली, तिला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून उत्तर दिले. हे पुस्तक आपण स्त्रीवादाचा आरंभग्रंथ म्हणून शिकवतो. त्याच्या मुळाशी एका विधवेचा खटला होता, हे शिकवताना आपण घाईने ओलांडून जातो.

पुढे इंग्लंडमध्ये १९३८ च्या बोर्न खटल्यात 'जीव वाचविणे' या शब्दांत मनाची पडझड टाळणेही येते, असा अर्थ न्यायालयाने मान्य केला. भारतात १९६४ साली महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, १९६६ मध्ये तिचा अहवाल आला आणि १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला. गर्भारपणामुळे मानसिक आरोग्यास गंभीर इजा होण्याची शक्यता, हे त्यात एक कारण ठरले. बलात्कारातून राहिलेल्या गर्भाचा मनःस्ताप कायद्याने गृहीतच धरला. संततिनियमनाचे साधन फसले असेल तरीही तसे गृहीत धरता येईल, अशी मुभा दिली. पण ती केवळ 'विवाहित स्त्री'ला.

आमच्या मते या कायद्यातील सर्वांत बोलका शब्द हाच. फुल्यांनी जिच्यासाठी घर उघडले ती विधवा या गृहीतकाबाहेर राहिली. नवरा असलेलीचा मनःस्ताप मानायचा, आणि जिला लोकलज्जेचे भय सर्वाधिक तिने तो निराळा सिद्ध करायचा!

मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये, एका महिला कैद्याच्या प्रकरणाची स्वतःहून दखल घेताना, हे संरक्षण विवाहितांपुरते नसावे असे सांगितले. 'विवाहित' हा शब्द मात्र २०२१ च्या दुरुस्तीनेच गेला. त्याच वर्षीच्या नियमांत, वीस ते चोवीस आठवड्यांच्या गर्भपातासाठी पात्र स्त्रियांमध्ये गरोदरपणी वैधव्य अथवा घटस्फोट आलेल्या स्त्रियांचा उल्लेख आला. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही या वर्गांत स्थान दिले आणि मानसिक आरोग्य म्हणजे केवळ मानसिक आजार नव्हे, असे स्पष्ट केले.

अमेरिकेत वाद उलट दिशेने चालतो: गर्भपातानेच मन खचते, असा तेथील विरोधकांचा दावा. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अभ्यासगटाने २००८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासले. नको असलेल्या गर्भारपणात पहिल्या तिमाहीत एकदा केलेल्या गर्भपाताने, मूल जन्माला घालण्यापेक्षा मानसिक धोका वाढत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. दोन्हीकडे स्त्रीच्या मनाविषयी बोलणारे इतरच. आपल्याकडेही तिची संमती लागते. पण निर्णयाचा आधार डॉक्टरचे मत. आपल्याला काय हवे हे सांगून भागत नाही, आपण किती खचलो हे तिला दाखवावे लागते. आणि जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ८८ स्वतःचा गर्भ पाडणाऱ्या स्त्रीला आजही गुन्हेगारांतच मोजते.