रायबागन आमचीच

शिवाजी महाराजांचं नाव निघालं की आजीचा हात आपसूक कपाळाला जायचा. आणि रायबागनचं नाव निघालं की त्याच आजीची मान ताठ व्हायची. आजी म्हणजे आईची आई, माहूर-किनवटकडची. रायबागन महाराजांच्या विरुद्ध लढली, हे तिला चांगलं ठाऊक होतं. शाळेत उंबरखिंडीचा धडा झाला त्या दिवशी मी मोठ्या तावातावानं हे तिच्या कानावर घातलं. ती म्हणाली, "व्हय, लढली. म्हणून काय आमची नव्हं का ती?"

रायबागनचं सासर म्हणजे माहूरच्या उदाराम देशमुखांचं घराणं. मूळ पुरुष उदाजीराम ऊर्फ उदाराम, देशस्थ ब्राह्मण. आधी मलिक अंबरच्या पदरी, म्हणजे अहमदनगरच्या निजामशाहीत; पुढं वारं फिरलेलं पाहून मोगलांकडे. जहांगीरविरुद्ध बंड करून शाहजहान दक्षिणेत पळून आला, तेव्हा त्यानं आपले हत्ती आणि जड सामानसुमान माहूरच्या किल्ल्यात उदारामाच्या भरवशावर ठेवलं. बादशहाचा बंडखोर पोरगा ज्याच्या दारात हत्ती बांधतो, त्या माणसाचं त्या मुलखातलं वजन काय असेल!

रायबागन ही याच घरातली सून, सावित्रीबाई. आजीच्या गोष्टीत कर्ता पुरुष गेलेला, पोर लहान आणि माणसांनी उचल खाल्लेली. मग बाई स्वतः घोड्यावर बसते, बंड मोडून काढते आणि औरंगजेब खूश होऊन 'रायबागन' हा किताब देतो. घोडा कुठल्या रंगाचा होता हेही आजी सांगायची. दर वेळी रंग बदलायचा, ते सोडून द्या. किताब मात्र खरा, आणि उंबरखिंडही खरी. फेब्रुवारी 1661. शाहिस्तेखानानं कारतलबखानाला कोकणात उतरायला धाडलं. घाटाखालच्या दाट रानात महाराजांनी त्याला असा कोंडला की फौजेला प्यायला पाणी मिळेना. रायबागन खानाबरोबर होती. शरण जा, जीव वाचव, असं तिनंच त्याला सुनावल्याचं कवींद्र परमानंदाच्या शिवभारतात आहे. खंडणी भरून खान सुटला. म्हणजे शत्रुपक्षात शहाणं माणूस कोण होतं, हे महाराजांच्या कवीनंच नोंदवून ठेवलंय. आजीनं शिवभारत वाचलं नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच, "खानाला अक्कल बाईनं शिकवली."

माहूरला मी पुष्कळदा गेलोय. रेणुकामातेचं दर्शन, दत्तशिखर, अनसूया, की लोकांच्या गाड्या परतीला लागतात. समोरचा किल्ला, रामगड, बहुतेकांचा राहूनच जातो. हत्ती दरवाजाची कमान अजून ताठ उभी आहे. चौकटीच्या दगडावर खांद्याच्या उंचीला हात लागून लागून गुळगुळीत झालेला पट्टा दिसतो. आत पडके महाल, झुडपं आणि इंजाळ्याचा तलाव. उदारामाचं नाव सांगणारा फलक मला तरी कुठं दिसला नाही.

आमचं गाव खाली अहमदपूर तालुक्यात. तिथून कंधार जवळ. कंधारचा किल्ला सपाटीवरचा, भोवती पाण्याचा खंदक. राष्ट्रकूटांपासून त्या गावाचं नाव गाजत आलेलं, हैदराबादच्या निजामाच्या काळात किल्लेदारी गौड राजपुतांच्या घरात. उदगीरला 3 फेब्रुवारी 1760 ला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवून 60 लाखांचा मुलूख घेतला. शालेय पुस्तकात तेवढंच असतं. निजामाकडेही मराठे सरदार पिढ्यान्‌पिढ्या होते, रावरंभा निंबाळकरांचं घराणं त्यातलंच, हे सांगताना आपण जरा चाचरतो. म्हातारी माणसं चाचरत नव्हती. ज्याची सत्ता त्याची सनद, हा त्यांच्या लेखी रोजचा व्यवहार होता.

आमच्या गावात किल्ला नाही, गावच्या देशमुखांची गढी आहे, म्हणजे होती. माझे आजोबा त्या गढीचे सालगडी. चार बुरूज, दिंडी दरवाजा, आत ढेलज, मग चौसोपी वाडा, भिंतीत बळदं, वर माळवद. आजोबा म्हणायचे, "सनद फारसीत, हिशेब मोडीत आन्‌ शिव्या मराठीत." शेतसाऱ्यासाठी कुळाला उन्हात उभं केलेलं त्यांनी पाहिलं होतं. वेठीला जाऊन सुगीतलं स्वतःचं रान पडीक राहिलेलंही त्यांना आठवत होतं. आणि रझाकारांच्या धामधुमीत हाच दिंडी दरवाजा उघडून देशमुखांनी अख्खं गाव बायकापोरांसकट आत घेतलं, तेही त्याच दमात सांगायचे. "गढीनं राखलं बी आन्‌ गढीनं नाडलं बी." यातलं एक वाक्य गाळून दुसरंच सांगणारा इतिहासकार आजोबांनी ओसरीवरून उठवला असता.

17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं संस्थान गेलं, पुढच्या वर्षी जहागिऱ्या संपल्या, मग कूळकायदा आला. देशमुखांची पोरं लातूरला, पुण्याला गेली. गढीला दगडाचा पाया असला तरी अंग पांढऱ्या मातीचं, आणि माळवदावर पसरायला त्या मातीसारखी माती नाही. गाव टोपलं टोपलं करून गढी आपल्या घरांवर घेऊन गेलं. मी लहानपणी गढीच्या कडेला उकरायचो तर खापऱ्या निघायच्या, काचेच्या बांगड्यांचे तुकडे निघायचे. मग 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आली. किल्लारीकडं भूकंपात त्याच जड मातीच्या माळवदांखाली हजारो माणसं झोपेत गेली. त्यानंतर मातीचं छत म्हटलं की आमच्याकडं पोटात गोळा यायचा. उरलेला वाडा मालकांनीच उतरवून घेतला. सागवानी खांब विकले गेले. आज तिथं पाण्याची टाकी आहे.

किल्ल्यांना तवारिखा आहेत, शिलालेख आहेत, पुरातत्त्व खातं आहे. गढ्यांना नव्वदीच्या म्हाताऱ्यांशिवाय कोणी नाही. तुमच्या गावात असं माणूस असेल तर या दिवाळीत त्याच्याजवळ बसा, मोबाइलवर बोलणं टिपून घ्या: देशमुखांकडूनही घ्या आणि सालगड्याच्या घरूनही. माळ्यावरच्या ट्रंकेत मोडीची बाडं निघाली तर वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत घालू नका. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत.