रेणूंचा दुभाषी : ‘ओपन बॅबेल’ची जन्मकथा (थ्रेड)

१/ सोलापूरच्या बाजारपेठेत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या भाषा शेजारी नांदतात. व्यवहार अडत नाही, कारण दोन भाषा जाणणारा कोणीतरी जवळच असतो. रसायनशास्त्राच्या संगणकीय जगाला मात्र असा दुभाषी घडवावा लागला. त्याचा हा इतिहास.

२/ रेणूत कोणते अणू आहेत, ते कोणाशी जोडलेले आहेत, अवकाशात कोठे आहेत, हे लिहिण्याच्या रीती अनेक. १९७१ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत प्रोटीन डेटा बँक सुरू झाली. तिच्या फाइलीतील ओळीची ८० अक्षरांची मर्यादा आली ती पंच कार्डावरून.

३/ १९८० च्या दशकात डेव्हिड वाइनिंगर यांनी ‘स्माइल्स’ ही पद्धत रचली. तीत इथेनॉल तीन अक्षरांत मावते : कार्बनचे दोन ‘सी’ आणि ऑक्सिजनचा ‘ओ’. हायड्रोजन गृहीत धरायचे.

४/ परिणामी एका प्रोग्रॅमची फाइल दुसऱ्याला निरर्थक ठरू लागली. जुन्या फॉन्टात टंकलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये उघडल्यावर दिसणारी अक्षरांची दैना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. माहिती शाबूत असते, वाचणारा नसतो.

५/ १९९० च्या दशकात पॅट वॉल्टर्स आणि मॅट स्टाल यांनी ‘बॅबेल’ हा रूपांतर करणारा प्रोग्रॅम लिहिला. भाषा भिन्न झाल्यामुळे अपुऱ्या राहिलेल्या बायबलातील मनोऱ्याचे हे नाव.

६/ पुढे ओपनआय कंपनीत त्याच कल्पनांवर ‘ओईलिब’ तयार झाले आणि जीपीएल परवान्याखाली खुले झाले. नंतर कंपनी मालकी हक्काच्या नव्या आवृत्तीकडे वळली. परंतु एकदा दिलेला परवाना परत घेता येत नव्हता. २००१ मध्ये त्याच खुल्या संहितेतून ‘ओपन बॅबेल’ उभा राहिला. जेफ्री हचिसन यांनी त्याची धुरा वाहिली.

७/ २०११ च्या शोधनिबंधानुसार त्याला ११० हून अधिक नमुने कळत. ११० नमुन्यांच्या प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र रूपांतरक लिहायचे, तर ११,९९० लागतील. मध्ये एक सामाईक रूप ठेवले, की ११० वाचणारे आणि ११० लिहिणारे, असे २२० पुरतात.

८/ तरीही रूपांतर निर्दोष नसते. ‘एक्सवायझेड’ फाइलीत अणूंची स्थाने असतात, बंध नसतात; ते अंतरावरून ताडावे लागतात. मोडी कागद देवनागरीत आणताना ऱ्हस्व-दीर्घ लिप्यंतरकारालाच ठरवावे लागतात, तसेच हे. म्हणून मूळ फाइल जपणे हे मूळ दस्तऐवज जपण्याइतकेच आवश्यक.

९/ आज सोलापूरच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला हा दुभाषी विनामूल्य मिळतो. तो अर्थ कसा लावतो, हेही संहिता उघडून तपासता येते. परवान्यातील ती अट नसती, तर ही संहिता २००१ च्या सुमारास कंपनीच्या दाराआडच राहिली असती.