लांबचं रेडिओ स्टेशन लॅपटॉपवर स्वच्छ ऐकायचं तर

कोकणात घरटी एखादा माणूस आखातात राहून आलेला असतो, आणि त्याच्याबरोबर आलेला शॉर्टवेव्हचा रेडिओही अजून कुठल्या तरी कपाटावर असतो. रियाधहून चालणारी कुरआन वाहिनी त्यावर लागायची. आता लावला तर तिलावतीपेक्षा खरखरच जास्त. मोबाईलवर तीच वाहिनी आरामात मिळते हे खरं, पण नेट बंद पडलं किंवा बंद केलं गेलं की मोबाईल गप्प होतो. रेडिओची लहर मात्र थेट छपरावर येऊन पोहोचते. (फक्त कुरआनसाठी वेगळं रेडिओ स्टेशन ही कल्पना कैरोची, १९६४ सालची. सुरुवातीला तिथे शेख महमूद खलील अल-हुसरी यांची मुद्रित तिलावत लागत असे.)

ही खरखर कमी करायला आता कॉम्प्युटर बराच कामाचा आहे. या पद्धतीला एसडीआर म्हणतात, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ. पेन ड्राइव्हएवढं एक यंत्र अँटेनातून आलेल्या लहरींचे आकडे करून लॅपटॉपला देतं. स्टेशन निवडणं, गाळणं, आवाज काढणं ही पुढची सगळी कामं सॉफ्टवेअर करतं. टीव्ही बघण्यासाठी बनलेल्या स्वस्त डोंगलमधली आरटीएल २८३२यू ही चिप या कामाला चालते, हे २०१२ च्या सुमारास सगळ्यांना कळलं आणि शौकिनांची चंगळ झाली. विंडोजवर एसडीआर शार्प किंवा एचडीएसडीआर, लिनक्सवर जीक्यूआरएक्स, ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

खरेदी करताना एक गोष्ट नीट बघा. यातली साधी डोंगल साधारण २४ मेगाहर्ट्झच्या वरचंच पकडतात. आपल्याला हवी ती शॉर्टवेव्ह ३ ते ३० मेगाहर्ट्झमध्ये आणि मीडियमवेव्ह त्याहूनही खाली. म्हणून आरटीएल-एसडीआर ब्लॉगचं व्ही३ किंवा व्ही४ असं, खालचे पट्टे घेणारं मॉडेल मागा. व्ही३ मध्ये ही सोय थोडी काटकसरीची आहे. १४.४ मेगाहर्ट्झच्या वरची स्टेशनं आरशात दिसावीत तशी खालच्या बाजूलाही उमटतात, म्हणजे १५.२ वरचं स्टेशन १३.६ वरही ऐकू येतं. दोष यंत्राचा नाही, त्याची मोजणीच तशी आहे. व्ही४ मध्ये हा त्रास नाही.

आता मूळ मुद्दा. सॉफ्टवेअर नसलेला आवाज तयार करू शकत नाही. घरातल्या गोंगाटात स्टेशन पूर्ण बुडालं असेल तर कुठलंही बटण ते वर काढणार नाही. म्हणून आधी गोंगाट शोधा. लॅपटॉप बॅटरीवर ठेवा, पडद्यावर वरून खाली सरकणारं रंगीत चित्र (त्याला वॉटरफॉल म्हणतात) चालू करा आणि घराचा मेन स्विच बंद करा. समान अंतरावर दिसणाऱ्या उभ्या रेघा गेल्या, तर चोर घरातच आहे. मग एकेक वस्तू चालू करत जा. बहुतेक वेळा एलईडी बल्ब, मोबाईल चार्जर किंवा इन्व्हर्टर सापडतो. आठ-दहा मीटर तांब्याची वायर घरापासून आणि विजेच्या तारांपासून लांब, गच्चीवर ताणली तर निम्मं काम तिथेच होतं. पावसाळ्यात ढग जमले की ती वायर यंत्रापासून काढून ठेवायची, आळस करायचा नाही.

एवढं झाल्यावर सॉफ्टवेअरची खरी कमाल दिसते. लांबून येणारी लहर आकाशातल्या थरांवर आपटून दोन-तीन वाटांनी येते आणि त्या वाटा एकमेकींना मारतात. आवाज मधूनच फाटतो तो त्यामुळे. स्टेशनची वाहक लहर क्षणभर मरते आणि साध्या रेडिओला आवाज कसा सोडवावा हेच कळत नाही. सॉफ्टवेअरमधला सिंक्रोनस एएम हा पर्याय निवडला की कॉम्प्युटर स्वतःची वाहक लहर त्या जागी धरून ठेवतो. फाटणं बरंच कमी होतं. शिवाय प्रत्येक एएम स्टेशनच्या आवाजाच्या दोन सारख्या बाजू असतात. शेजारच्या स्टेशनने एक बाजू खाल्ली असेल तर दुसरीच ऐकायची सोय मिळते. सतत शिट्टी येत असेल तर नॉच फिल्टर नेमका तेवढाच सूर कापतो.

नॉइज रिडक्शन मात्र जपून वापरा. बातम्या ऐकताना ते ठीक आहे. तिलावतीत मात्र खरखरीबरोबर अक्षरंही झिजतात, सीन आणि साद यांतला फरक पुसट होतो. फिल्टर फार अरुंद केला तरी तेच. मुलांना तजवीद शिकवायची असेल तर असा धुतलेला आवाज वापरू नये. त्यासाठी चांगलं रेकॉर्डिंग किंवा समोर बसलेले उस्तादच हवेत.

वेळही सांभाळावी लागते. दिवसा १९ मीटरसारखे वरचे पट्टे चालतात, रात्री ४९ आणि ३१ मीटर. मीडियमवेव्ह लांबून येते ती फक्त रात्री, कारण तिला गिळणारा आकाशातला खालचा थर सूर्य मावळल्यावर विरतो. सौदीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणून रमजानमध्ये मक्केतली तरावीह शोधायची तर आपले अकरा वाजून गेलेले असतात. वेळापत्रकं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. जुन्या कागदावरची फ्रिक्वेन्सी लागली नाही तर एवढ्यात डोंगलला नावं ठेवू नका.

पैसे घालण्याआधी करून बघायचं असेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर आहे, २००८ पासूनचा. तिथला रेडिओ आपल्या ब्राउझरमधून फिरवता येतो आणि शेकडो लोक एकाच वेळी वेगवेगळी स्टेशनं ऐकू शकतात. किवी एसडीआर नावाचे असेच रेडिओ जगभर आहेत. आखाताजवळच्या एखाद्यावर स्टेशन येत असेल आणि आपल्याकडे नसेल, तर स्टेशन चालू आहे, आपल्या वायरीत किंवा वेळेत गडबड आहे, हे लगेच कळतं.

अशा डोंगलवर पोलिसांची किंवा इतरांची खाजगी वायरलेस बोलणीही कधी कानावर येतात. ती ऐकत बसू नये. कायद्याचा प्रश्न आहेच, आणि सूरह हुजुरातमध्ये तजस्सुसची मनाई आहे ती रेडिओलाही लागू होते.

रात्री जागणं जमत नसेल तर सॉफ्टवेअर तो सगळा पट्टा जसाच्या तसा साठवून ठेवतं. सकाळी फाईल उघडून स्टेशन निवडा, फिल्टर हवा तसा बदलून पुन्हा ऐका. फक्त रुंदी कमी ठेवा. पूर्ण २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला तर तासाला किमान १७ जीबी जागा जाते, पाव मेगाहर्ट्झ घेतला तर दोन जीबीच्या आत भागतं.