एकच मासा, रंग अनेक

हिंगोली जिल्ह्याचे पाणी दोन वाटांनी गोदावरीला जाते. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांतून उतरणारी पूर्णा सरळ गोदावरीला मिळते. कयाधू मात्र आधी पैनगंगेत जाते आणि पुढे वर्धा, प्राणहिता असा लांबचा वळसा घेऊन गोदावरीलाच मिळते. दख्खनच्या अशा नद्यांत, उथळ वाहत्या पाण्यात, वाळू-गोट्यांच्या आड एक बोटभर लांबीचा मासा राहतो. तोंडाभोवती बारीक मिशा, अंग निसरडे आणि तळाला बिलगून राहायची सवय. मुरी, मुरे अशा नावांनी तो ओळखला जातो. बाजारात त्याला फारसा मान नाही. पण या माशाने आणि त्याच्या भाऊबंदांनी मोठमोठ्या विद्वानांना दीर्घकाळ चकवले, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे त्यांच्या अंगावरचे रंग.

या इतिहासाची सुरुवात पुण्याकडे होते. १८२४ मध्ये मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची सांख्यिकी पाहणी करण्यासाठी नेमले. गावे, पिके, पाऊस आणि लोकसंख्या यांची मोजदाद करता करता त्याने पक्षी आणि मासेही टिपून ठेवले. भीमेच्या खोऱ्यातील चाळीसहून अधिक माशांची वर्णने त्याने लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडली आणि ती १८३९ मध्ये छापून आली. नावे देताना त्याने एक शहाणपण केले. लॅटिन शब्द शोधत न बसता त्याने अनेक माशांना इथले कोळी-भोई वापरत तीच नावे दिली. त्याच्या यादीतील ‘सींगटी’ म्हणजे आपला शिंगटी, ‘सींघाला’ म्हणजे शिंगाळा. आणि आपल्या मुरीचे नाव त्याने लिहिले ‘कोबायटिस मूरे’.

साइक्सची पाहणी कंपनी सरकारच्या मुलखापुरती होती. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती. इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. पण कयाधूतले मासे साइक्सच्या वहीत येण्याचे कारण नव्हते.

त्याच्याआधी, १८२२ मध्ये, फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवर ग्रंथ लिहिला होता. त्यात ‘कोबायटिस बोटिया’ नावाचा एक मासा होता. मिशा तशाच, अंगावर गडद ठिपके-पट्टे, शेपटीच्या बुडाशी वरच्या अंगाला डोळ्यासारखा काळा ठिपका. पुढे पाकिस्तानपासून म्यानमारपर्यंत असे मासे सापडत गेले. कोणाचे पट्टे रुंद, कोणाचे तुटक, कोणी पिवळसर, कोणी करडा. तेव्हा बहुतेकांनी सोपा निष्कर्ष काढला, की मासा एकच असून रंग तेवढे स्थळपरत्वे बदलतात. आपली मुरीही अनेकांच्या लेखी बोटियाचेच दख्खनी रूप ठरली.

हा निष्कर्ष अगदीच चुकीचा म्हणता येत नाही, कारण माशाचा रंग खरोखरच चंचल असतो. त्याच्या कातडीतील रंगपेशींत काळ्या द्रव्याचे कण असतात. ते पेशीभर पसरले की मासा काळवंडतो आणि मध्यभागी गोळा झाले की फिकटतो. काळ्या गोट्यांवरचा मासा गडद दिसतो, तोच पांढऱ्या वाळूवर ठेवला तर काही वेळाने उजळतो. रात्री, भीतीने किंवा आजारपणातही रंग बदलतो. लहानपणी जे रुंद पट्टे असतात, त्यांचे वयपरत्वे फाटे फुटू शकतात. त्यातून संग्रहालयाच्या बरणीत मासा गेला की पिवळा, तांबडा रंग उडून जातो आणि काळा तेवढा उरतो. अशा फिकटलेल्या नमुन्यांवरून निवाडा करायचा म्हणजे जुन्या छायाचित्रावरून लुगड्याचा रंग ओळखण्यासारखेच!

मग निवाडा कसा करायचा? २०१५ मध्ये रँडल सिंगर आणि लॉरेन्स पेज या अमेरिकी अभ्यासकांनी या माशांचा नव्याने आढावा घेतला. रंगाबरोबरच पाठीवरच्या पराचे किरण, अंगावरच्या पार्श्वरेषेची लांबी, नराच्या डोळ्याखालची ठेवण असे सारे तपासले. तेव्हा एका माशाचे रंगभेद समजलेले प्रकार प्रत्यक्षात वेगवेगळ्या जाती निघाल्या आणि पाच जाती तर शास्त्राला अगदी नव्या होत्या. दख्खनी मुरीही स्वतंत्र जात ठरली. जुने नाव आधी छापलेले असेल तर तेच चालवायचे, असा शास्त्राचा नियम आहे. म्हणून १७६ वर्षांपूर्वीचे ‘मूरे’ हे नाव कायम राहिले. घरोघरी मत्स्यपेट्या ठेवणारे शौकीन या गटाला ‘झिपर लोच’ म्हणतात.

आता याच्या अगदी उलट गोष्ट पाहा. १९२० मध्ये बंगळूरचे प्राध्यापक सी. आर. नारायण राव यांनी तुंगा नदीतील ‘बोटिया स्ट्रायटा’ या देखण्या, पट्ट्यापट्ट्यांच्या माशाचे वर्णन केले. ‘बोटिया’ हे इथे कुळाचे नाव आहे, तेव्हा हॅमिल्टनच्या माशाशी गल्लत नको. मत्स्यपेटीवाले याला ‘झेब्रा लोच’ म्हणतात. १९५६ मध्ये कलावार आणि केळकर यांनी कोल्हापूरच्या माशांवर लिहिताना तिकडच्या नमुन्यांना ‘कोल्हापुरेन्सिस’ असे वेगळे नाव दिले. तुंगा काय नि पंचगंगा काय, दोन्ही पाणी शेवटी कृष्णेचेच. पुढच्या अभ्यासकांनी हे वेगळेपण मानले नाही आणि ते नाव मूळ जातीत विलीन झाले. एकीकडे अनेक जातींना एक समजले गेले, तर दुसरीकडे एकाच जातीला दोन नावे मिळाली.

हा नुसता पंडितांचा वाद आहे, असे कोणाला वाटेल. पण नावावर माशाचे जगणे अवलंबून असते. पाकिस्तानपासून म्यानमारपर्यंत सापडणारा मासा एखाद्या ओढ्यातून नाहीसा झाला, तर कोणी हळहळत नाही. तोच मासा एका खोऱ्यापुरता असेल, तर तिथला वाळूउपसा त्याच्या मुळावर येतो. झेब्रा लोच पश्चिम घाटाच्या मोजक्या नद्यांपुरता आहे. शौकिनांसाठी होणारी पकड आणि बिघडलेले पाणी यांमुळे आज तो आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेला आहे. ज्या पट्ट्यांनी त्याला नाव दिले, त्याच पट्ट्यांनी त्याला गिऱ्हाईकही मिळवून दिले.

मुरीला वाहते पाणी, वाळू आणि गोटे लागतात. पूर्णेवर येलदरी, सिद्धेश्वर आणि पैनगंगेवर इसापूर ही धरणे झाली. त्यांनी शेतीला पाणी दिले, हे उपकार मोठेच. पण धरणांमागे वाहती नदी संथ जलाशय झाली आणि खाली उरलेल्या पात्रात वाळूला सोन्याचा भाव आला. अशा वेळी आपल्या गावच्या नदीत कोणती मुरी आहे, तिचे पट्टे कसे आहेत, पूर्णेतली आणि कयाधूतली सारखीच आहे का, याची नोंद शाळा-महाविद्यालयांतील मुलांनाही करता येईल. मासा जिवंत असताना, पाण्यातच, उजेडात त्याचे छायाचित्र काढावे. जागा आणि तारीख लिहावी. आणि त्याला पुन्हा नदीत सोडावे. गावच्या भोयांना त्याचे नाव विचारायला मात्र विसरू नये. साइक्सने तेच केले होते, आणि त्याने टिपलेले ते नाव आजही टिकून आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)