अटलांटाच्या आगीमागचा माणूस

बोलपटाची श्रेयनामावली पडद्यावर सरकत असते तेव्हा आपण खुर्चीत सावरून बसत असतो. निर्मिती-व्यवस्थापकाचे नाव वाचतो कोण? रेमंड क्लून हे असेच एक न वाचलेले नाव. डेव्हिड सेल्झनिकच्या ‘गॉन विथ द विंड’च्या खर्चाची नि वेळापत्रकाची काळजी वाहणारा हा गृहस्थ.

कल्व्हर सिटीतील स्टुडिओच्या मागील आवारात ‘किंग काँग’सारख्या चित्रपटांचे जुने सेट पडून होते. नायिकेचे घर ‘टारा’ उभारायचे, तर ती जागा मोकळी हवी. पाडायचे म्हणजे मजुरी आली! क्लून नि त्याच्या सहकाऱ्यांनी तोड काढली: पाडायचे कशाला? जाळा, आणि तेच जळते अटलांटा म्हणून टिपा. दिवाळीच्या पहाटे मोडक्या खुर्चीवर बंब पेटविणाऱ्या आपल्या गृहिणीला ही युक्ती नवी वाटणार नाही.

10 डिसेंबर 1938 च्या रात्री आग लावली. सात टेक्निकलर कॅमेरे रोखलेले, अग्निशामक दल सज्ज. सेट एकदाच जळणार. चुकले तर पुन्हा घेण्याची सोयच नाही. आणि गंमत अशी की, नायिका अजून ठरायचीच होती! बदली माणसे गाडीत बसवून ज्वाळांपुढून पिटाळली. त्याच रात्री सेल्झनिकच्या भावाने, मायरनने, व्हिव्हियन ली हिला तेथे आणून उभे केले.

पुढे ‘रिबेका’ची (1940) व्यवस्थाही क्लूननेच पाहिली.