पोकराचा निकाल कसा मोजतात?

पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. जागतिक बँकेने त्याला २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलर कर्ज मंजूर केलं. आपल्या खात्यात येतं ते अनुदान. सरकारला मात्र कर्ज फेडायचंय. म्हणून शेततळी किती झाली एवढ्यावर भागत नाही, पिकाला पाणी पोचलं का, उत्पन्न वाढलं का, हेही बघतात. शेततळं फोटोत दिसतं, उत्पन्न दिसत नाही. त्यासाठी सुरुवातीला, मध्यात, शेवटी सर्वे होतो, प्रकल्पाबाहेरच्या गावांतही. नाहीतर चांगल्या पावसाचं श्रेय प्रकल्पच घेऊन जायचा. सर्वेवाला आला आणि तळं कोरडं असेल, तर कोरडंच सांगा. शेवटी पूर्तता अहवाल निघतो, तो बँकेचा स्वतंत्र मूल्यमापन गट तपासतो. असे अहवाल बँकेच्या वेबसाईटवर असतात, फुकट, पण इंग्रजीत.