बिनवारीची दोन सालं

दिंडीच्या शंभर वर्षांत पायी वारी चुकली ती २०२० आणि २०२१ ला. ही दोन सालं लिहून ठेवायला पाहिजेत, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

साथ आपल्याला नवी न्हवती. ज्यांनी दिंडी काढली त्यांनी १९१८ ची मानमोडी बघितली होती, त्यातल्या म्हाताऱ्यांनी प्लेगही. प्लेगात गाव सोडून माणसं माळावर खोपी घालून राहायची, पण घरदार एकत्र असायचं. २०१९ च्या महापुरातही तसंच. शिरोळ, करवीरची माणसं छावणीत गेली, घरात पाणी, जनावरं वाहून गेली, पण रडायला शेजारी कोणतरी होतं. कोरोनात रडायला शेजार न्हाई आणि तिरडीला खांदाही न्हाई. पुरापेक्षा ही साथ जड गेली ती ह्याच्यामुळं, असं आम्हाला वाटतं.

मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा ऊसतोडीची माणसं इथंच अडकली होती. एप्रिलात त्यांना गावी जायची परवानगी मिळाली. तोवर दिंडीची मोठी पातेली काढून आम्ही त्यांना भात-आमटी दिली. ह्या कामानं आमचीच डोकी ठिकाणावर राहिली.

आषाढी आली १ जुलैला. संतांच्या पादुका ३० जूनला एसटीनं पंढरपूरला गेल्या. मोजकीच माणसं बरोबर. काही तरुण म्हणाले, आडवाटेनं जाऊ. जाणत्यांनी अडवलं. वारीहून घरी प्रसाद आणायचा का आजार, एवढंच विचारलं. मग ठरलं, सांजच्याला सहा वाजता ज्यानं त्यानं आपल्या दारात हरिपाठ म्हणायचा. एका गल्लीतला टाळ दुसऱ्या गल्लीत ऐकू यायचा. ज्या दारात टाळ वाजला न्हाई, तिथं रात्री फोन जायचा. पैसा, औषध, नाहीतर नुसतं बोलणं. पुरुषमाणसं ‘बरं हाय’ म्हणून फोन ठेवायची. मनातलं कळायचं बायकांकडनं.

दुसरं साल वाईट. एका घरात बाप आणि कर्ता पोरगा आठ दिवसांत गेले. दहाव्याला चार माणसं. कीर्तन आम्ही फोनवरून केलं. पलीकडनं आवाज न्हाई, कोण ऐकतंय का तेही कळंना. शेवटी त्या घरची माऊली एवढंच म्हणाली, “थांबू नका.” पुढं महिनाभर रोज रात्री तिच्या घरी फोनवर हरिपाठ झाला. २० जुलैला आषाढी झाली, तिसऱ्या दिवशी पंचगंगा पुन्हा घरात आली, तरी खंड पडला न्हाई. हरिपाठानं दुःख जातं असं आम्ही कधी सांगितलं न्हाई, तिनंही विचारलं न्हाई. रात्र तेवढी सरायची.

२०२२ ला आषाढी १० जुलैला. पुन्हा पायी निघालो. माऊली आली, पोराचे टाळ पदरात बांधून. चंद्रभागेच्या वाळवंटात तिनं ते नातवाच्या गळ्यात घातले. दोरी लांब होती, तिथंच गाठ मारून आखूड केली.